मासळीची विळी, मटणाची सुरी

मासे साफ करायचे हत्यार घेताना ते कोणत्या कामासाठी हवे आहे, हे आधी ठरवावे लागते. खवले काढणे, पोट काढणे, कातडी सोलणे आणि तुकडे पाडणे ही चार वेगळी कामे आहेत आणि एकच पाते चारही कामे सारखीच नेटकी करत नाही. उरणच्या करंजापासून अलिबाग, रेवदंडा, मुरुड ओलांडून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर या कामांसाठी मुख्यतः तीन हत्यारे दिसतात: विळी, कोयता आणि सुरी.

विळीला आगरी-कोळी घरांत मोरळी असेही म्हणतात. लाकडी पाटावर उभे, पुढे झुकलेले पाते बसवलेले असते आणि कापणारी बाई पाटावर पाय रोवून बसते. इथे पाते जागेवर राहते आणि मासा हलतो, त्यामुळे दोन्ही हात मासा धरायला मोकळे असतात. ओला, निसटता मासा एका हाताने फळीवर दाबून दुसऱ्या हाताने सुरी चालवण्यापेक्षा हे सोपे जाते. बाजारात पापलेट साफ करणाऱ्या कोळणीकडे पाहिले की ते कळते. डोके एका हातात, शेपटी दुसऱ्या हातात धरून ती पर आणि शेपटीचे टोक पात्यावर उडवते, कल्ल्यामागे एक तिरपी चीर देते, त्या चिरेतून बोटाने आतडी ओढून काढते आणि मग मासा पात्यावर दाबत तुकडे पाडते. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याचे मांस मऊ असते आणि बोथट विळीवर ते चिरण्याऐवजी चेंगरते.

विळी घेताना पाटाचे वजन आधी पाहावे. हलका पाट सुरमईसारखा मोठा मासा दाबताना उचलला जातो. मग पाते हाताने हलवून पाहावे, बुडाशी डुगडुगत असेल तर ती विळी घेऊ नये. मासळीसाठी पाते भाजीच्या विळीपेक्षा रुंद आणि पाठीकडे जाड हवे, कारण मणक्याचे हाड तोडताना मासा पात्यावर जोराने दाबावा लागतो. नारळाची खवणी असलेली विळी घरात सोयीची असली तरी मासळीची विळी वेगळी ठेवणे चांगले. नाहीतर माशाचा वास खोबऱ्याला लागतो आणि कच्च्या मासळीतले जंतू न शिजवता खायच्या पदार्थांत जातात.

पोट काढायला लहान सुरी लागते. चार ते पाच इंचांचे, टोकदार, पातळ पाते या कामाला पुरते. आधी पात्याच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले खरवडावेत. धारेने खरवडले तर कातडी फाटते आणि धारही जाते. मग शेपटीकडच्या छिद्रात फक्त टोक घालून, धार वर ठेवून, डोक्याच्या दिशेने पोट उघडावे. टोक खोल गेले तर आतडी फुटतात किंवा यकृताला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटते आणि आजूबाजूचे मांस कडू होते. गाबोळी अखंड मिळवायची असेल तर हीच काळजी घ्यावी लागते. कल्ले आणि आतडी यांतच सर्वाधिक जंतू असतात, म्हणून किनाऱ्यावरच्या उष्ण, दमट हवेत हे काम लांबवू नये. बांगड्यासारख्या माशात तर बर्फाविना राहिल्यास हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही.

काट्यावरून मांस सोडवण्यासाठी आणि कातडी काढण्यासाठी सहा ते आठ इंचांची अरुंद, लवचीक सुरी हवी. रावसाच्या सोडवलेल्या तुकड्याची कातडी खाली ठेवून शेपटीकडच्या टोकाला कातडीपर्यंत चीर देतात, कातडीचे मोकळे झालेले टोक फडक्याने किंवा मीठ लावलेल्या बोटांनी घट्ट धरतात, सुरी फळीला जवळजवळ समांतर करतात आणि सुरी ढकलण्याऐवजी कातडीच मागेपुढे करत ओढतात. पाते किंचित वाकले तरच ते कातडीलगत सरकते. ताठ पाते मांसात घुसते किंवा कातडी कापून टाकते. मुशीची गोष्ट वेगळी. तिच्या कातडीवर दातांसारखे कठीण बारीक कण असतात आणि बाहेरून सुरी फिरवली की धार पाहता पाहता जाते. म्हणून मुशीवर उकळते पाणी ओतून ती खरवडतात, किंवा आतल्या बाजूने चीर देऊन कातडी ओढून काढतात.

काही मासळीला तर पातेच लागत नाही. सुकवायच्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगतात. माकुलाची पातळ साल बोटांनीच निघते. फक्त शाईची पिशवी न फोडता काढावी लागते.

घोळ किंवा मोठ्या सुरमईचे डोके फोडायला कोयता लागतो. त्याचे काम वजनावर चालते, म्हणून पाते जाड आणि धारेचा कोन मोठा असावा. पातळ धारेने हाड तोडायला गेले तर धारेच्या खपल्या उडतात. खाटकाच्या दुकानातला सत्तूरही याच तत्त्वाने काम करतो.

बोकड सोलायची सुरी मात्र निराळी असते. तिचे पाते पाच-सहा इंचांचे, टोकाकडे वर वळलेले आणि पोटाशी गोलाई असलेले असते. या गोलाईमुळे कातडी आणि मांस यांमधल्या पातळ पडद्यावर लांब झटके देता येतात आणि टोक कातडीत रुतत नाही. सुरीचे काम पायांवरच्या आणि पोटावरच्या सुरुवातीच्या चिरांपुरतेच असते. पुढे जाणकार खाटीक बहुतेक कातडी मुठीने ढकलून सुटी करतो, म्हणजे चामड्याला भोके पडत नाहीत. हरिणाच्या कातडीसाठी जगभर याच घडणीची सुरी वापरतात. रायगडात मात्र तसा प्रसंग आता येत नाही. मुरुडजवळचे फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सांबर, भेकर, पिसोरी यांची शिकार गुन्हा ठरली आणि 1986 मध्ये फणसाड अभयारण्य झाले.

आकार ठरला की पोलाद पाहावे. गावचा लोहार अनेकदा ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून कोयते आणि विळीची पाती घडवतो. या पोलादात कार्बन साधारण 0.6 टक्क्यांच्या आसपास असतो. पाते तापवून पाणी पाजले की ते कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून चिवट करावे लागते. हे दुसरे तापवणे चुकले तर धारेचे तुकडे उडतात, पहिले चुकले तर धार मुडपते. घेताना कानस धारेवर हलकेच फिरवून पाहावी. ती सहज रुतली तर पाते मऊ राहिले आहे असे समजावे.

साध्या पोलादाला धार चटकन लागते, पण खाऱ्या हवेत ते एका रात्रीत तांबते. स्टेनलेस पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असल्याने ते गंज रोखते; तरी खारट पाण्यात पडून राहिले तर त्यालाही बारीक खड्डे पडतात. रोज वापरून, पुसून ठेवली जाणारी विळी साध्या पोलादाची चालते. आठवड्यातून एकदाच हातात येणारी सुरी स्टेनलेसची बरी.

मूठ ओल्या हातातही घसरता कामा नये आणि पात्याकडच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा हवा. लाकडी मूठ हाताला बरी लागते, पण पाणी पिऊन फुगते आणि तिच्या फटींत घाण राहते. म्हणून मासळी निर्यातीच्या कारखान्यांत प्लॅस्टिकच्या मुठीच वापरतात.

धार लावायला 1000 नंबरचा दगड घरासाठी पुरतो. खपल्या उडालेल्या पात्याला आधी 400 नंबरचा खरबरीत किंवा कुरुंदाचा दगड घ्यावा. लवचीक सुरीसाठी पाते दगडाशी सुमारे 15 अंशांत धरावे, विळीसाठी 20, कोयत्यासाठी त्याहून जास्त. बोथट पात्यावर जोर जास्त लावावा लागतो आणि हात घसरतो तो तेव्हाच. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात हत्यारे कमी वापरात असतात आणि हवा सर्वांत दमट असते. त्याआधी ती धुऊन, पूर्ण कोरडी करून, खोबरेल तेलाऐवजी न खवटणारे खनिज तेल लावून ठेवावीत.

आठवड्याला दोनदा मासळी आणणाऱ्या घराला एक जड पाटाची विळी आणि एक लहान टोकदार सुरी पुरते. मोठा मासा अखंड आणून घरीच सोडवायचा असेल तर लवचीक सुरी घ्यावी, आणि डोके फोडायची वेळ वारंवार येत असेल तरच कोयता.