फिरते घर आणि वाट सांगणारे यंत्र

आमच्या मातोश्रींना सप्तशृंगीचे दर्शन घडवायचे, हे गेली सहा वर्षे आमच्या घरात ठरत होते आणि दर वर्षी मोडत होते. कारण सांगण्यात संकोचाचे प्रयोजन नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या, गुडघे निकामी झालेल्या आणि हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या बाईला वाटेतल्या ढाब्यांच्या शौचालयांवर विसंबून वाघोडियाहून गडापर्यंत नेता येत नाही. वर चढण्याची अडचण २०१८ साली गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून उरलेली नाही. अडचण होती ती गडाच्या पायथ्याशी पोहोचण्याची. कुलस्वामिनी महाराष्ट्रात आणि चार पिढ्यांचे बिऱ्हाड गायकवाडीत, अशी स्थिती असलेल्या घरांना हे दुखणे नवे नाही.

शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जावयांनी तोड काढली. आत निजण्याची सोय, लहानशी ओटी, पाण्याची टाकी आणि मुख्य म्हणजे शौचकूप असलेली एक कॅरव्हॅन त्यांनी चार दिवसांसाठी भाड्याने ठरवली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याचे आम्ही वाचले होते. परंतु ते फिरते घर आपल्या दारात उभे राहील असे काही वाटले नव्हते. मातोश्रींनी ते आतून न्याहाळले आणि ‘‘एवढ्यात तर आम्ही पानदरीबेला सात जण राहत होतो,’’ एवढाच अभिप्राय दिला.

गाडी ठरली, चालक ठरला. आता वाट कोण दाखवणार, यावरून घरात दोन पक्ष पडले. जावयांचा पक्ष स्वतंत्र जीपीएस यंत्राचा. त्यांनी २०१२ साली हौसेने घेतलेले, काचेला चिकटवायचे ते यंत्र अजून सुस्थितीत होते. भाच्याचा पक्ष मोबाइल फोनचा. ‘‘मामा, ते यंत्र आता संग्रहालयात द्या,’’ असे त्याचे म्हणणे. चालक पंचमहालचा, पोक्त माणूस. त्याने दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘साहेब, कोईने पूछी लो ने!’’ तिसरा पक्ष हा.

आम्ही पडलो मराठीचे एम. ए. पण मुख्याध्यापकाला सर्वच विषयांचे तास कधी ना कधी घ्यावे लागतात, तेव्हा या यंत्रांचे मर्म समजून घेण्याचा प्रयत्न केला. त्यात प्रथम एक गैरसमज गेला. आकाशातला उपग्रह आपल्याला ‘पाहतो’ अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसे मुळीच नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह केवळ आपले स्थान आणि अचूक वेळ अखंड सांगत असतात, देवळातल्या घंटेप्रमाणे. ऐकणारा कोण आहे याची त्यांना खबरही नसते. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा आले यावरून हातातले यंत्र आपली जागा गणिताने काढते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात तीनशे मीटरची चूक होते. अमेरिकेच्या लष्कराची ही व्यवस्था. सामान्य नागरिकांसाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, तेव्हापासून ती मोटारीला खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. आपल्या इस्रोनेही स्वतःचे उपग्रह सोडले असून २०१६ साली त्या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले.

याचा अर्थ असा, की आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही. फोनलाही नाही आणि त्या जुन्या यंत्रालाही नाही. दोघेही तीच घंटा ऐकतात. इंटरनेट लागते ते नकाशासाठी आणि पुढच्या गर्दीच्या बातमीसाठी. जुन्या यंत्राचा नकाशा त्याच्या पोटात असतो, फोनचा बहुधा दुसऱ्याच्या कपाटात. वादाचे खरे मूळ इतकेच, हे आम्हांला गाडी सुटण्यापूर्वी कळले असते तर बरे झाले असते.

येथेच आणखी एक गोंधळ निस्तरू. भाड्याच्या गाडीच्या मालकाने ‘गाडीत जीपीएस आहेच’ असे छातीठोकपणे सांगितले होते. होते, ते खरेच. पण ती १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना सक्तीची झालेली पेटी होती. गाडी कुठे आहे हे ती दुसऱ्यांना कळवते. आत बसलेल्याला वाट सांगत नाही. कॅरव्हॅन ठरवणाऱ्या वाचकांनी हा प्रश्न नीट विचारून घ्यावा.

असो. अकोट्याला लेकीच्या घरून आम्ही पहाटे निघालो. पुढच्या काचेवर डावीकडे यंत्र, उजवीकडे फोन. पादऱ्याच्या बाजूने दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर गाडी चढली मात्र, यंत्राची फजिती सुरू झाली. वडोदरा-भरूच हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. यंत्राच्या पोटातला नकाशा त्याच्या किती तरी आधीचा. त्याच्या लेखी आम्ही कापसाच्या शेतातून ताशी सत्तर किलोमीटर वेगाने चाललो होतो. यंत्रातली बाई इंग्रजीतून सारखी मागे वळण्याची विनंती करी. मातोश्री मागून म्हणाल्या, ‘‘किती वेळ सांगते आहे बिचारी, ऐका तरी तिचं.’’ भाचा विजयी मुद्रेने गालात हसत होता.

त्याचे हसू वघईपुढे मावळले. डांगच्या सागवनात शिरल्यावर फोनचे जाळे गेले. ठरल्या वाटेवर असेतोवर फोनने तक्रार केली नाही. पण चहासाठी आम्ही आतल्या रस्त्याला वळलो आणि परतताना फाटा चुकलो. आता नवी वाट काढणे त्याला जमेना. पडद्यावर एक निळा ठिपका आणि भोवती कोरे करडे मैदान. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक होते. तिथे काय आहे हे ठाऊक नव्हते. त्याच वेळी डावीकडचे म्हातारे यंत्र सापुताऱ्याचा घाट वळणावळणासह दाखवत शांतपणे उभे होते. डांगचे रस्ते फारसे बदललेले नसावेत. त्याच्या सांगण्यावरून आम्ही अंधार पडण्याच्या आत सापुताऱ्याला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी दर्शन उत्तम झाले. ट्रॉलीतून वर गेल्यावर मातोश्री देवीपुढे किती तरी वेळ बसून होत्या. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

लिहायचे आहे ते त्याच संध्याकाळचे. गड उतरून आम्हांला नाशिकच्या रोखाने एका नातलगांकडे मुक्कामाला जायचे होते. आता फोनला जाळे होते, आणि दिंडोरी तालुक्यात एके ठिकाणी त्याने आपण होऊन नवी वाट सुचवली : आठ मिनिटे वाचतील. आठ मिनिटांचा मोह! चालकाने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही, तीस वर्षे मुलांना ‘घाई करू नका’ सांगणाऱ्या माणसाने, मान डोलावली.

वाट एका गावात शिरली. आधी रुंद, मग दोन बैलगाड्यांपुरती, मग एकीपुरती. डाव्या हाताला घरांचे ओटे, उजव्या हाताला दगडी गडगा आणि वर घराघरांत गेलेल्या विजेच्या तारा. आमच्या गाडीची उंची छपरावरचा एसी धरून जवळजवळ दहा फूट. एका वळणावर छपराला काही तरी घासल्याचा आवाज आला आणि गाडी थांबली. एसीला तार अडकली होती. मागे पाहावे तो टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली एक पिकअप, तिच्यामागे आणखी एक. पुढेही जाता येईना, मागेही.

पण खरी अडचण निराळीच निघाली. कॅरव्हॅनचे दार डाव्या अंगाला असते, आणि ते एका घराच्या भिंतीला इतके भिडले होते की वीतभरसुद्धा उघडेना. मातोश्री आत. चालकाच्या बाजूने आम्ही कसेबसे उतरलो. त्यांना मधल्या फटीतून पुढे आणणे शक्य नव्हते. तार अडकलेली म्हणून एसी आणि इंजिन दोन्ही बंद. दहा मिनिटांत आत उबारा झाला. त्या पंख्याने वारा घेत होत्या, आणि खिडकीच्या जाळीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. ‘‘मला काही होत नाही, तुम्ही गडबडू नका,’’ असे त्यांनी तीनदा म्हटले. एकदाच म्हटले असते तर आम्ही कमी घाबरलो असतो.

गावच्या लोकांनी जे केले ते सांगितले पाहिजे. कुणी तरी धावत जाऊन रोहित्रावरून वीज बंद केली. एक तरुण छपरावर चढला. दोघांनी खालून कोरड्या बांबूने तार वर धरली. ओट्याच्या मालकिणीने जाळीतून पाण्याचा तांब्या दिला. ‘‘फोन बघून आले ना?’’ एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, नित्याचे काम आल्यासारखा भाव होता. ‘‘मागल्या महिन्यात साखरेचा ट्रक आला होता.’’ दोन्ही पिकअपा मागे सरकवून, इंच इंच करीत गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. दार उघडले तेव्हा मातोश्री घामाने निथळत होत्या. त्या मालकिणीच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, मग तिच्या सुनेचे माहेर कुठले याची चौकशी सुरू झाली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री आम्हांला उमगले ते असे, की दोन यंत्रांतला आमचा वादच अपुरा होता. दोघांनाही आमची जागा काही मीटरांपर्यंत अचूक ठाऊक. परंतु आम्ही स्कूटरवर आहोत की दहा फुटी घरात बसलो आहोत, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. बोस्टनला राहणाऱ्या आमच्या चुलतभावाला फोनवर ही हकिगत सांगितली तेव्हा तो म्हणाला, की तिकडे कॅरव्हॅनसाठी निराळी जीपीएस यंत्रे मिळतात. त्यांत गाडीची उंची, रुंदी, वजन आधी भरायचे. मग ती बुटके पूल टाळून वाट काढतात. तरीही बोस्टनच्या स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावर दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास, विद्यार्थी घरे बदलतात तेव्हा, सामानाचे ट्रक बुटक्या पुलांना अडकतातच. पण असे यंत्र येथे आणून काय साधणार? त्याची करामत यंत्रात नाही, प्रत्येक पुलाची उंची कोणी तरी मोजून नकाशात लिहून ठेवली आहे यात आहे. आमच्या अलकापुरीच्या गरनाळ्याखालून कोणती गाडी जाते आणि पावसाळ्यात ते कसे तुंबते, हे बडोद्याचा रिक्षावाला सांगेल. कालव्याकाठच्या रस्त्यांवर रोवलेले लोखंडी अडसर आणि खेड्यातल्या लोंबत्या तारा तर कोणत्या नकाशात असणार? गूगलने २०२४ साली चारचाकींना अरुंद रस्त्यांची सूचना देण्याची सोय आपल्या देशात आणली, परंतु आरंभ झाला तो हैदराबाद, बंगळूरसारख्या मोजक्या शहरांपासून.

मग निवड करायचीच तर कोणाची? आमचे मत आता फोनच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण आमच्याच जिल्ह्यातले आहे. पादऱ्याहून आणंदकडे जाताना महीवरचा गंभीरा पूल लागे. तो ९ जुलै २०२५ च्या सकाळी मधोमध तुटला. वाहने नदीत पडली आणि वीसहून अधिक माणसे गेली. परत आल्यावर आम्ही जावयांच्या यंत्राला पादऱ्याहून बोरसदची वाट विचारली. त्याने निर्विकारपणे त्याच पुलावरून दाखवली. फोनवरचा नकाशा निदान बदलता तरी येतो. तोही चुकतो, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली-बदायूंच्या हद्दीवर दिसले. वाट दाखवणाऱ्या नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार अर्धवट पुलावरून रामगंगेच्या पात्रात कोसळली आणि तिघे दगावले. तेव्हा रात्रीच्या वेळी अनोळखी पूल लागला, तर आधी थांबून पाहावे हे बरे.

आमच्या घरी आता व्यवस्था ठरली आहे. भाच्याचा एक जुना फोन केवळ वाटेसाठी राखून ठेवला आहे. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर वाटेतल्या सगळ्या जिल्ह्यांचा नकाशा त्यात उतरवून घ्यायचा, म्हणजे डांगात जाळे गेले तरी तो कोरा होत नाही. त्यात सिमकार्ड नाही, त्यामुळे वळणावर कुणाचा दूरध्वनी येत नाही. जुन्या यंत्राचा हा एक गुण आम्ही उचलला आहे. उन्हात काचेवर ठेवलेला फोन तापून मान टाकतो, म्हणून तो एसीच्या झरोक्यापुढे बसवायचा. गाडी चालवताना फोनचा उपयोग फक्त वाट पाहण्यासाठी करता येतो, असे २०२० पासूनचे नियम सांगतात. म्हणून त्याच्याशी खेळण्याचे काम चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचे. आणि ‘इतकी मिनिटे वाचतील’ असे तो म्हणाला, की ती सूचना नाकारायची. गाडीची उंची मोठ्या अक्षरांत लिहून चालकापुढे चिकटवली आहे : नऊ फूट दहा इंच.

चैत्रात पुन्हा जायचे, असे मातोश्रींनी जाहीर केले आहे. देवीसाठी की त्या ओट्यावरच्या बाईंसाठी, हे त्यांनी स्पष्ट केलेले नाही; त्यांच्या सुनेसाठी बाळंतविडा मात्र विणून तयार आहे. गावाचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. भाच्याने फोनमधला त्या दिवसाचा प्रवास उघडून, गाडी पाऊण तास जिथे थांबली होती तो ठिपका शोधून काढला. गाडी या वेळी गावाबाहेर शाळेच्या मैदानात उभी करावयाची आणि मातोश्रींना तिथून रिक्षाने न्यायचे, असे चालकाने आम्हांला बजावून ठेवले आहे.