विद्यापीठीय वार्ता आणि त्यांची परिभाषा

माघ-फाल्गुनाच्या सुमारास बहुतेक विद्यापीठीय विभागांच्या पत्रिकांत एक पान ठरलेले असते. येत्या सत्रात कोणती व्याख्याने व चर्चासत्रे होणार आहेत, कोणाची नेमणूक झाली, कोणास बढती मिळाली, कोण अध्ययन रजेवर गेले आणि कोण निवृत्त होत आहेत, याची वार्ता त्या पानावर दिलेली असते. संशोधनलेख वाचण्यास सवड नसलेला वाचकही हे पान वाचतो. तथापि ज्या शब्दांनी ही वार्ता सांगितली जाते त्यांच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः मराठी ही उच्च शिक्षणाच्या व्यवहाराची भाषा कितपत झाली आहे, हे मोठ्या ग्रंथांइतकेच या लहानशा सूचनांवरूनही कळते. म्हणून या पानाच्या परिभाषेचा थोडा विचार येथे केला आहे.

१. ऋतू आणि सत्र

अशा पानाला 'वसंतातील कार्यक्रम' असे शीर्षक देण्याची प्रथा पाश्चात्त्य विद्यापीठांतून आली. आपल्या कालगणनेत वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. आणि त्या दोन महिन्यांत महाराष्ट्रातील महाविद्यालये परीक्षा व सुटी यांत गढलेली असतात. विभागाचे व्याख्यान-चर्चासत्रांचे दिवस येतात ते शिशिरात. आपल्याकडील काही विद्यापीठांनी परीक्षांना 'हिवाळी' व 'उन्हाळी' अशी नावे दिली आहेत. ती येथील हवामानाला धरून आहेत. खऱ्या वसंतात होणारा वैचारिक कार्यक्रम पाहावयाचा तर तो विद्यापीठांच्या आवाराबाहेर सापडतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. ती एप्रिल-मे महिन्यांत भरते, म्हणजे तिच्या नावातील ऋतू पंचांगाशी जुळणारा आहे.

'सत्र' या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. वैदिक यज्ञसंस्थेत बारा किंवा त्याहून अधिक दिवस चालणाऱ्या सोमयागास 'सत्त्र' म्हणत. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात यजमान वेगळा आणि ऋत्विज वेगळे असा भेद नसे. सर्व ऋत्विज हेच यजमान असत. 'चर्चासत्र' हा शब्द रूढ करताना हा अर्थ कोणाच्या मनात असेलच असे नाही; पण चर्चासत्राचे मर्म त्यात नेमके आले आहे. परिसंवादात ठराविक वक्ते एकाच विषयाच्या निरनिराळ्या बाजू मांडतात आणि इतर ऐकतात. चर्चासत्रात निबंध वाचले जातात व उपस्थितांनी त्यांवर चर्चा करावी अशी अपेक्षा असते. कार्यशाळेत भाग घेणाऱ्याने स्वतः काही काम करून दाखवावयाचे असते. ही तिन्ही नावे सरसकट एकाच अर्थी वापरली गेली म्हणजे वाचकाने श्रोता म्हणून यावे, निबंध घेऊन यावे की काम करण्याच्या तयारीने यावे, हे सूचनेवरून उमगत नाही.

कार्यक्रमांच्या यादीतील दिनविशेषांची नावेही काळजीने योजावी लागतात. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन होय. १९५२ मध्ये ढाक्यात बंगाली भाषेसाठी झालेल्या बलिदानाची स्मृती त्यामागे आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये त्याची घोषणा केली. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून पाळला जातो. पुष्कळ सूचनांत त्यालाच 'मराठी राजभाषा दिन' असे म्हटलेले आढळते, ते बरोबर नाही. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. एकात भाषेविषयीचा अभिमान आहे, तर दुसऱ्यात भाषेचे शासनव्यवहारातील स्थान. भाषेच्या विभागाने तरी या दोहोंची गल्लत करू नये.

२. पदांची नावे

नेमणुकांच्या वार्तेत सर्वांत वर येणारे शब्द 'कुलपती' व 'कुलगुरू' हे होत. प्राचीन परंपरेप्रमाणे दहा सहस्र शिष्यांना अन्न देऊन शिकविणारा ऋषी तो कुलपती. 'कुलगुरू' म्हणजे मूळ अर्थी एखाद्या कुळाचा पुरोहित व उपदेशक. रघुकुळाचा वसिष्ठ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. महाराष्ट्रात राज्यपाल हे राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती असतात आणि प्रत्यक्ष कारभार कुलगुरू पाहतात. हिंदीत मात्र राज्यपालांच्या या पदास 'कुलाधिपति' आणि कारभार पाहणाऱ्यास 'कुलपति' म्हणण्याचा प्रघात पडला. परिणामी एकच संस्कृत शब्द दोन शेजारी भाषांत दोन वेगळ्या अधिकाऱ्यांचा वाचक झाला, आणि हिंदी बातमीचे मराठीत भाषांतर करणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये 'कुलपति' हे नाव टाकून 'कुलगुरु' हे स्वीकारले. तेवढ्यापुरता हा घोटाळा कमी झाला आहे.

अध्यापकांच्या पदनामांचा प्रवास याहून वळणाचा आहे. 'अधिव्याख्याता', 'प्रपाठक' आणि 'प्राध्यापक' अशी तीन पायऱ्यांची उतरंड मराठी वाचकाच्या परिचयाची होती. यांपैकी 'प्रपाठक' हा शब्द संस्कृत वाङ्मयात व्यक्तीचा नव्हे, ग्रंथविभागाचा वाचक म्हणून प्रसिद्ध आहे. छांदोग्य उपनिषदाचे आठ प्रपाठक आहेत. पठणाचा एक भाग दर्शविणारा शब्द पुढे पाठ देणाऱ्याचे पदनाम झाला. पण हे नाव टिकावयाचे नव्हते. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २००८ च्या वेतनविषयक आदेशाने व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक अशी तीन पदे ठरविली. त्यामुळे नव्या नेमणुकांच्या वार्तेतून 'अधिव्याख्याता' व 'प्रपाठक' हे शब्द मागे पडले. बोलण्यात मात्र महाविद्यालयात शिकविणाऱ्या कोणासही 'प्राध्यापक' म्हणण्याची रीत फार पूर्वीपासून होती. या बाबतीत आदेश लोकव्यवहाराच्या मागून आला असे म्हणता येईल.

३. वार्तेची क्रियापदे

पदनामे संस्कृताकडे झुकली तरी सेवेच्या घडामोडी सांगणारे शब्द तसे झुकले नाहीत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसविण्याचे प्रयत्न होत आले. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून 'दिनांक' व 'क्रमांक' यांसारखे शब्द रूढ झाले. परंतु सूचनेत 'दिनांक' लिहिणारा लेखनिक बोलताना 'तारीख'च विचारतो. नवा अध्यापक 'रुजू' होतो. हा शब्द अरबीतला असून परत येणे, वळणे असा त्याचा मूळ अर्थ आहे. 'रजा' हाही तिकडचाच. मूळ अर्थ संमती. म्हणजे रजेवर जाणे हे शब्दाच्या दृष्टीने संमती घेऊन जाणे होय. 'अध्ययन रजा' या जोडीत एक शब्द संस्कृत व दुसरा अरबी असूनही कोणास तो विजोड वाटत नाही. यावरून एवढे ठरते की, परिभाषेचे शब्द समित्या घडवू शकतात. पण ते चालतील की नाही हे रोज ते उच्चारणारी माणसे ठरवितात.

या पानाच्या वाक्यरचनेबद्दलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'कळविण्यात येते', 'आयोजित करण्यात आले आहे', 'नेमणूक करण्यात आली' ही '-ण्यात येणे' या साच्यातील रूपे येथे सर्वत्र दिसतात. या रचनेत कर्त्याचा उल्लेख न करताही वाक्य पूर्ण होते. जेथे निर्णय संस्थेचा असतो व व्यक्तीचे नाव अप्रस्तुत असते, तेथे ती सोयीची आहे. पण 'व्याख्यान पुढे ढकलण्यात आले आहे' असे वाचल्यावर कोणी ढकलले व विचारणा कोणाकडे करावयाची, हे कळत नाही. 'विभागाने व्याख्यान पुढे ढकलले आहे' हे वाक्य तितकेच सभ्य असून अधिक उपयोगी आहे.

४. ज्यांना शब्द नाही

परिभाषेची खरी कसोटी ती काय सांगते यात आहे, तशी ती काय सांगत नाही यातही आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत व विभागांत पुष्कळसे अध्यापन 'तासिका तत्त्वावर' नेमलेले अध्यापक करतात. त्यांचे मानधन घेतलेल्या तासिकांवर ठरते. त्यांची नेमणूक सत्रापुरती वा वर्षापुरती असते, आणि ती संपते तेव्हा तिला 'निवृत्ती' हा शब्द लागू पडत नाही. ते दरवर्षी नव्याने येत असल्याने 'रुजू झाले' असेही छापले जात नाही. बढतीचा तर प्रश्नच नसतो. वार्तापत्राची सगळी क्रियापदे कायम सेवेतील माणसासाठी घडलेली आहेत. त्यामुळे ज्यांनी वर्षभर वर्ग घेतले, उत्तरपत्रिका तपासल्या, चर्चासत्राच्या दिवशी नोंदणीच्या मेजावर बसून निबंधवाचनही केले, त्यांची नावे कर्मचारीवृत्तात येत नाहीत. कुलगुरूंपासून लेखनिकापर्यंत प्रत्येकास पदनाम आहे. 'तासिका तत्त्वावर' हे मात्र पदनाम नसून मानधन मोजण्याची रीत आहे. मनुष्याची ओळख त्याच्या वेतनाच्या हिशेबाने व्हावी, हे भाषेच्या अभ्यासकास खटकल्यावाचून राहत नाही.

यावर नवा शब्द घडविणे हाच उपाय आहे असे नाही. 'या सत्रात विभागात पुढील अध्यापक शिकवीत आहेत' असे साधे वाक्य लिहून त्याखाली सर्वांची नावे द्यावीत, आणि जाणाऱ्याचे नाव 'यांनी अमुक वर्षे येथे अध्यापन केले' अशा शब्दांत नोंदवावे, एवढ्याने पुष्कळ काम होईल. त्यासाठी ना कोश लागतो, ना शासनाचा आदेश.

पत्रिकेचे हे पान पुढे विभागाच्या इतिहासाचे साधन होते. पन्नास वर्षांनी कोणी विभागाची हकीकत लिहू लागला, तर येथे कोण शिकवीत होते याचा पुरावा तो याच पानात शोधील. त्या वेळी जे नाव येथे छापलेले नसेल, ते त्यास अन्यत्र सापडणे कठीण आहे. वार्ता लिहिणाऱ्याने शब्द निवडताना व नावे उतरविताना एवढे ध्यानात ठेवावे.