अमेरिकन यादवी युद्ध आणि स्त्रिया : भूमिका व दैनंदिन जीवन

प्रस्तावना :
युद्धाचा इतिहास बहुधा रणभूमी, सेनापती व जय-पराजय यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. इ.स. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धही त्यास अपवाद नाही. तथापि घरातील कर्ता पुरुष आघाडीवर गेल्यानंतर शेती, कारखाना, रुग्णालय व चूल ही सर्व क्षेत्रे स्त्रियांनीच सांभाळली. या श्रमांचे स्वरूप कोणते होते व त्यांची नोंद कशी झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

उत्तरेकडील स्त्रिया :
जून १८६१ मध्ये डोरोथिया डिक्स यांची लष्करी परिचारिकांच्या प्रमुखपदी नियुक्ती झाली. परिचारिकांना दिवसाला ४० सेंट व शिधा मिळे. पुरुष कारकुनांच्या अभावी १८६२ पासून कोषागार खात्यात नोटा कापण्या-मोजण्यासाठी स्त्रिया नेमण्यात आल्या; मात्र त्यांचे वार्षिक वेतन ६०० डॉलर, म्हणजे पुरुष कारकुनाच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी होते. दारूगोळ्याच्या कारखान्यांत तर जीवच पणाला लागे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी पिट्सबर्गजवळील ॲलेगेनी शस्त्रागारात झालेल्या स्फोटात ७८ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्याच दिवशी अँटिटमची भीषण लढाई झाल्याने ही दुर्घटना तिच्या छायेत झाकली गेली.

दक्षिणेकडील स्त्रिया :
सागरी नाकेबंदीमुळे दक्षिणेत मीठ, कापड व औषधे दुर्मिळ झाली. कॉफीऐवजी भाजलेली राय वा भेंडीचे बी वापरले जाई. अडगळीत पडलेले चरखे व माग पुन्हा सुरू झाले. चलनवाढीने गरीब कुटुंबांचे कंबरडे मोडले. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंड येथे शेकडो स्त्रियांनी भाकरीची मागणी करीत दुकाने फोडली. वीस वा अधिक गुलाम असलेल्या मळ्यांवरील एका गोऱ्या पुरुषास सैन्यभरतीतून सूट आणि गरिबाच्या घरातील कर्ता मात्र आघाडीवर, हा भेदही या असंतोषामागे होता.

गुलामगिरीतील स्त्रिया :
कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी हे युद्ध मुक्तीचे होते. हॅरिएट टबमन यांनी संघराज्याच्या सैन्यासाठी हेरगिरी केली. जून १८६३ मधील कॉम्बाही नदीवरील मोहिमेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. सुझी किंग टेलर यांनी कृष्णवर्णीय पलटणीत सैनिकांची शुश्रूषा केली व त्यांना अक्षरओळख करून दिली. परंतु दप्तरी त्यांची नोंद ‘धोबीण’ अशीच होती. चार वर्षांहून अधिक काळच्या सेवेचे वेतन त्यांना मिळाले नाही, असे त्यांनी १९०२ च्या आत्मकथनात नमूद केले आहे.

नोंद व हक्क :
१८९२ च्या कायद्याने लष्करी परिचारिकांना दरमहा १२ डॉलर निवृत्तिवेतन मंजूर झाले. मात्र ते ‘परिचारिका’ म्हणून अधिकृत नेमणूक असणाऱ्यांनाच लागू होते. परिणामी तीच सेवा करूनही धोबीण वा स्वयंपाकीण म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रिया वंचित राहिल्या. श्रम समान असूनही दप्तरातील एका शब्दाने हक्क ठरला. राजकीय क्षेत्रातही हाच अनुभव आला. गुलामगिरी निर्मूलनासाठी एलिझाबेथ स्टँटन व सुझन अँथनी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने सुमारे ४ लाख स्वाक्षऱ्या जमविल्या. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. परंतु स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० मध्येच झाली.

समारोप :
महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केला. महाराष्ट्राला या युद्धाचा परिचय असा मुक्तीच्या संदर्भात आहे. त्या मुक्तीत रुग्णालयात, शेतात व छावणीत राबलेल्या स्त्रियांचाही वाटा होता. म्हणूनच युद्धाचा इतिहास अभ्यासताना कोण लढले याबरोबरच कोणाचे श्रम कोणत्या नावाने नोंदले गेले, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.