पुस्तक कपाटातले की पडद्यावरचे?

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या पुस्तकांच्या कपाटावर सर्वांचा डोळा असतो. ‘ही रद्दी कधी काढायची?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. पुस्तकवेडा माणूस मात्र एकेक पुस्तक फडक्याने पुसतो, मधूनच उघडतो आणि तासाभराने तिथेच फरशीवर बसून वाचताना सापडतो. कुठे पिंपळाचे जाळीदार पान, कुठे जुने एसटीचे तिकीट, तर कुठे पहिल्या पानावर मामांनी लिहिलेले ‘सप्रेम भेट’. अशा माणसाच्या हाती मुलगा पाटीएवढा ई-रीडर ठेवतो आणि म्हणतो, ‘‘बाबा, यात हजार पुस्तके मावतात. आता कपाट कशाला?’’

डोळ्यांना सुख, हातांना आराम

नाक मुरडण्यापूर्वी या यंत्राचे गुण पाहायला हवेत. ई-रीडर म्हणजे मोबाइल नव्हे. त्याच्या पडद्यात अतिशय सूक्ष्म कुप्या असतात व त्यांत काळे-पांढरे कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि अक्षरे उमटतात. त्यामुळे भर उन्हातही पान कागदासारखे वाचता येते. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते, म्हणून एकदा चार्ज केला की तो कित्येक दिवस चालतो. वजनही साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास.

ज्येष्ठांना तर तो वरदानच वाटतो. बारीक टायपामुळे ज्यांचे वाचन सुटले, त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. इंदूर, बडोदे, बंगळूर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नवे मराठी पुस्तक सहजी मिळत नाही. 2007 साली अमेरिकेत आलेल्या किंडलवर 2016च्या डिसेंबरात मराठी पुस्तकांचे दालन उघडले, तेव्हा अशा वाचकांची मोठी सोय झाली. शिवाय वाळवी नाही, कसर नाही, की पावसाळ्यात बुरशी नाही.

पण पुस्तक कोणाचे?

मग अडते कुठे? अनेकांना वाटते, प्रश्न केवळ कागदाच्या वासाचा आहे. खरा प्रश्न मालकीचा आहे. ई-पुस्तकाचे पैसे मोजले, तरी बहुतेक दुकानांच्या अटींनुसार वाचकाला मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना.

जुलै 2009मध्ये याचा प्रत्यय आला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ व ‘अॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. ज्या कादंबरीत सत्ताधारी नकोसे कागद नष्ट करतात, नेमकी तीच नाहीशी झाली! पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने पुस्तकासोबत केलेली टिपणे निरुपयोगी झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. पुढे 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हाही वाचकांना पैसे मिळाले, पुस्तके गेली.

कपाटातले पुस्तक असे कोणी रात्रीतून उचलून नेत नाही. ते शेजारच्या काकूंना वाचायला देता येते (परत येईलच असे नाही, हा भाग वेगळा!), वाचनालयाला भेट देता येते, लेकीच्या संसारात पाठवता येते. कपाटासमोर खेळणारे मूल एखाद्या दुपारी कंटाळून एक पुस्तक ओढते आणि वाचक होते. बंद पडद्यामागची हजार पुस्तके त्याला दिसतच नाहीत.

दोघांचा सुखी संसार

म्हणून भांडण नको, वाटणी हवी. प्रवासातले वाचन, एकदाच वाचायच्या रहस्यकथा, घराजवळ न मिळणारी पुस्तके यांसाठी ई-रीडर जरूर घ्यावा. मात्र जे पुस्तक पुन्हापुन्हा वाचावेसे वाटते, जे मुलानातवंडांच्या हाती पडावे असे वाटते, ते छापील घ्यावे. पावसाळ्यानंतर त्याला ऊन-वारा द्यावा, कपाटात कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत आणि पहिल्या पानावर नाव व तारीख लिहावी.

पुढच्या दिवाळीत कोणी ‘रद्दी’ म्हणालेच, तर त्याच्या हाती ते पहिले पान उघडून द्यावे. मामांचे अक्षर वाचल्यावर तोही फरशीवर बैठक मारील.