दाद मागावी कोणाकडे?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. परंतु ज्याच्या दाराशी अन्यायच सरकारी गणवेश घालून उभा राहतो, त्याने जावे कोठे? आपल्याच सुरत शहरात घडलेल्या एका प्रकरणाने हा प्रश्न आम्हांस पुन्हा विचारात पाडतो.

येथील एका व्यावसायिकास सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबर २०२३ रोजी अंतरिम अटकपूर्व जामीन दिला होता. तरीही वेसू पोलीस ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याने त्याची कोठडी मागितली आणि येथील न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूरही केली. कोठडीत मारहाण झाली, असा त्या गृहस्थांचा आरोप होता. त्या दिवसांत ठाण्यातील कॅमेरे बंद होते, असे पुढे आले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास अधिकारी व न्यायदंडाधिकारी या दोघांसही अवमानाबद्दल दोषी धरले.

न्यायालयाचा मान राखला गेला, हे योग्यच झाले. तथापि ज्याने कोठडी भोगली, त्याच्या हानीची भरपाई हा प्रश्न निराळा, आणि त्यासाठीचा दिवाणी दाव्याचा मार्ग खडतर आहे. सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बेकायदा अटकावाबद्दलचा दावा सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो. शिवाय १९६५ चा कस्तुरीलाल निकाल आडवा येतो. मेरठच्या पोलिसांनी १९४७ मध्ये जप्त केलेले सोने हवालदारानेच लांबविले व तो पाकिस्तानात पळाला. तरी हे सार्वभौम सत्तेचे काम, म्हणून सरकार जबाबदार नाही, असे ठरले.

या भिंतीला पहिले मोठे भगदाड पाडले ते १९८३ च्या रुदल शाह प्रकरणाने. निर्दोष सुटूनही हा मनुष्य बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे खितपत पडला होता. न्यायालयाने रिट अर्जावरच त्यास एकूण ३५,००० रुपये देवविले व दावा लावण्याची वाटही मोकळी ठेवली. पुढे १९९३ मध्ये ओरिसातील नीलाबती बेहेरा या मातेस पुत्राच्या कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख रुपये मिळाले. मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, हे तेथे स्पष्ट झाले.

तडजोडीचे उदाहरण आपल्याकडे विरळाच. अमेरिकेत मिनिॲपोलिस शहराने जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबाशी २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरांवर दावा मिटविला. आपल्याकडे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून अटक झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख देवविले, आणि त्यांचा दिवाणी दावा मिटविण्यासाठी केरळ सरकारने २०२० मध्ये आणखी १ कोटी ३० लाख दिले. पैसा आला, पण आयुष्याची उमेदीची वर्षे कोणी परत केली?

नंबी नारायणन यांच्यासारखा चिवटपणा सर्वांना कोठून साधणार? उधना, लिंबायत, पांडेसरा येथे यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवास वकिलाची फीही जड जाते. म्हणून चार गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. अटकेची लेखी नोंद व्हावी आणि नातलगास कळवावे, हा १९९६ च्या डी. के. बसू निकालाचा दंडक आहे. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, हे संविधानाचे बंधन आहे. मारहाण झाली असल्यास तेथेच सांगावे व वैद्यकीय तपासणी मागावी. कोठडीत असलेल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

पोलीस आपले वैरी नव्हेत. रात्री-अपरात्री आपण त्यांनाच हाक मारतो. म्हणूनच त्यांच्या हातून चूक घडली, तर तिचा हिशेब मागणे हा द्रोह नसून नागरिकाचे कर्तव्यच होय. शहाण्यानेही ती पायरी प्रसंगी चढावी. मात्र तारीख, वेळ आणि कागद जपून चढावी.