रावण रोज दिसत नाही

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर हल्ली ओळखलं जातं ते तिथल्या बारवेमुळे. गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची अशी बारव महाराष्ट्रात विरळाच. गावाची परंपरा मात्र त्याहून जुनं नातं सांगते, वाल्मीकींचं. त्या परंपरेचा खरेखोटेपणा तपासायची ही जागा नव्हे. पण कॉमिक्सच्या धंद्यातला एक पेच समजून घ्यायला वाल्मीकींइतका कामाचा माणूस दुसरा नाही. ज्याच्यावाचून गोष्ट चालत नाही आणि ज्याला बघून बघून वाचक विटतो, त्या खलनायकाचं करायचं काय?

वाल्मीकींनी काय केलं बघा. बालकांडात देव विष्णूकडे गाऱ्हाणं नेतात तेव्हा रावणाचं नाव कानावर येतं. अयोध्याकांडातला घात होतो तो कैकेयी आणि मंथरेच्या हातून. तिथे रावणाचं काही काम नाही. तो स्वतः समोर उभा राहतो थेट अरण्यकांडात. तोवर नुसता दरारा. युद्धकांडात तो मरतो, एकदाच, आणि मेलेलाच राहतो. त्याचा जन्म, तप, वर, कैलास उचलायला जाणं हे सगळं उत्तरकांडात अगस्त्य ऋषी रामाला सांगतात. उत्तरकांड मागाहून जोडलं गेलं, असं बरेच अभ्यासक मानतात. खलनायक गाजला की त्याच्या पूर्वायुष्याला गिऱ्हाईक मिळतं, हा शोध हॉलिवूडचा नव्हे.

आता बॅटमॅनच्या शत्रूकडे, जोकरकडे वळू. १९४०च्या वसंतात ‘बॅटमॅन’चा पहिला अंक निघाला, त्यात जोकर अवतरला आणि त्याच अंकातल्या दुसऱ्या गोष्टीत स्वतःच्याच सुऱ्याने मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढवून घेतली: जोकर अजून जिवंत आहे. त्या एका चौकटीचं कर्ज बॅटमॅनची प्रकाशन संस्था डीसी कॉमिक्स आजतागायत फेडते आहे.

१९५४मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर आचारसंहिता आली. खुनी जोकर थट्टेखोर चोर झाला. पुढे १९६६ ते ६८च्या दूरचित्रवाणी मालिकेत सीझर रोमेरो यांनी तो केला. मिशी काढायला ते तयार नव्हते, म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासला गेला. आपल्याकडे कोकणच्या दशावतारातला संकासुर आठवावा. वेद पळवणारा हा असुर, पण वर्षानुवर्षं प्रत्येक खेळाच्या आरंभी येऊन येऊन मालवणीत प्रेक्षकांना हसवणारा झाला. खलनायक फार ओळखीचा झाला की त्याचा विदूषक होतो. संकासुराचं त्यात काही बिघडलं नाही, कारण त्यानंतर मुख्य आख्यानाला दुसरा राक्षस तयार असतो. बॅटमॅनकडे त्या तोडीचा दुसरा राक्षस नव्हता.

मग डीसीने जे केलं ते माझ्या मते त्यांचं आजवरचं सर्वांत शहाणं काम. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जोकरला जवळजवळ बंदच केलं. १९७३मध्ये ‘बॅटमॅन’च्या २५१व्या अंकात डेनिस ओ’नील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी त्याला परत आणलं, तो पुन्हा खुनी होऊन. मधली वर्षं वाया गेली नव्हती. त्या वर्षांनीच त्याला पुन्हा भीतिदायक केलं. पण गाजलेल्या पात्राला घरी बसवणं प्रकाशकाला परवडत नाही. १९७५मध्ये जोकरच्या नावाने स्वतंत्र मालिका निघाली. आचारसंहितेमुळे खलनायकाला शिक्षा व्हायलाच हवी, म्हणजे नायकच दर अंकाअखेर हरणार! नऊ अंकांत ती बंद पडली.

१९८८ हे जोकरचं वर्ष म्हणता येईल. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचं ‘द किलिंग जोक’ आलं, त्यात त्याला भूतकाळ मिळाला आणि तोही भरवशाचा नसलेला. हा उपाय मला फार आवडतो: पूर्वायुष्य द्यायचं, पण त्यावर विश्वास ठेवू द्यायचा नाही. त्याच वर्षी बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड, मरावा की जगावा याचा कौल डीसीने वाचकांकडून फोनवर घेतला. एका फोनला पन्नास सेंट. मरणाच्या बाजूने ५३४३, जगण्याच्या बाजूने ५२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला, जोकरच्या हातून. त्याच कथेत पुढे जोकर इराणचा राजदूत म्हणून संयुक्त राष्ट्रांत उभा राहतो. अतिपरिचयाचं याहून मोठं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. जेसनही २००५मध्ये परत आला, म्हणजे ती मतंही बुडाली.

पुढची कहाणी भरभर सांगण्याजोगी आहे. २०११मध्ये त्याच्या चेहऱ्याची कातडी सोलली गेली आणि तो वर्षभर गायब झाला. २०१२मध्ये स्कॉट स्नायडर यांनी आणला तेव्हा पुन्हा थरार आला. पुन्हा तेच औषध, पुन्हा तोच गुण. २०२०मध्ये जेफ जॉन्स यांनी ‘थ्री जोकर्स’मध्ये जोकर एक नसून तीन असल्याचं सांगितलं. एकाचा कंटाळा आला म्हणून तीन! त्याच्या आदल्याच वर्षी वाकीन फीनिक्स यांच्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला होता, मग त्याला विश्रांती कोण देणार?

आपल्या प्रकाशकांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. अनंत पै यांनी १९६७मध्ये मुंबईत इंडिया बुक हाउसकडून ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. प्रताप मुळीक, राम वाईरकर, दिलीप कदम अशा चित्रकारांनी घडवलेल्या त्या पुस्तकांत रावण येणं अटळ होतं. पण गोष्ट एका पुस्तकात सुरू होऊन त्यातच संपे. रावणावर वेगळी पुस्तकंही निघाली, तरी बाकी भार कुंभकर्ण, वाली, महिरावण अशांवर वाटला गेला. पुराणांत खलनायकांची कधी वाण नव्हती. हिंदीत व्यंगचित्रकार प्राण यांनी ‘चाचा चौधरी’त राका आणला, तो मात्र जोकरचा सख्खा भाऊ शोभावा असा. हा डाकू चक्रमाचार्यांचं औषध पिऊन अमर झाला. त्याला मारता येत नाही, म्हणून दर वेळी कुठे तरी बंदिस्त करायचं आणि वाचकांनी मागणी केली की बाहेर काढायचं. प्राण यांनी प्रकाशकाची गरज थेट कथेतच घालून टाकली. हा प्रामाणिकपणा मला डीसीच्या तीन जोकरांपेक्षा अधिक रुचतो.

नव्या पिढीनेही रावणाला हात घातला. २००६मध्ये व्हर्जिन कॉमिक्सने ‘रामायण ३३९२ एडी’त त्याला भविष्यकाळात नेलं, दिल्लीच्या कॅम्पफायरने त्याच्या बाजूने पूर्ण चित्रकादंबरीच काढली. रावणाला हे सोसतं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात तर दशमुखी रावणाची मूर्ती पूजली जाते. एकीकडे दसऱ्याला पुतळा जळतो, दुसरीकडे पूजा होते, आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांना कुणाच्या परवानगीची गरज नसते.

माझ्या लेखी खरा फरक इथे आहे. रावण कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून त्याला मरू देता येतं. वर्षभर गप्प ठेवलं तरी कुणाचा धंदा बसत नाही. जोकर मालमत्ता आहे. लेखक त्याला संपवायला निघाला तरी दुकान त्याला उद्या पुन्हा फळीवर मांडणारच. डीसीच्या लेखकांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्या हातात फक्त त्याची रजा वाढवणं आहे, आणि ती जेव्हा जेव्हा वाढली तेव्हा तेव्हा गोष्ट सुधारली.

ज्यांना जोकर नव्याने वाचायचा आहे त्यांनी १९७३चा २५१वा अंक आणि ‘द किलिंग जोक’ एवढं वाचावं, उरलेलं सोडून द्यावं. आणि चित्रं काढणाऱ्यांनी एक तारीख लिहून ठेवावी. अमेरिकी कायद्यानुसार १९४०च्या प्रकाशनांचा स्वामित्वहक्क पंचाण्णव वर्षांनी संपतो. १ जानेवारी २०३६पासून त्या पहिल्या अंकातला जोकर तिथे कुणालाही काढता येईल, आणि मारताही येईल.