ड्रायरचं झाकण बसत नाही? चिकटपट्टी लावण्याआधी हे वाचा

पावसाळा लागला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक घरात एकच तक्रार ऐकू येते : कपडे वाळत नाहीत. ग्रिलला टांगलेले कुर्ते दोन-दोन दिवस ओलसर राहतात, मुलांचे गणवेश रात्रभर पंख्याखाली ठेवावे लागतात. अशा वेळी सगळा भार ड्रायरवर येतो आणि नेमकं त्याचं झाकण बसेनासं होतं. मग कुणी वर पाण्याची बादली ठेवतं, कुणी चिकटपट्टी लावतं, कुणी झाकणाखालचा स्विच काडी खोचून कायमचा दाबून टाकतं. यातला शेवटचा जुगाड हाता-बोटांवर बेतू शकतो. म्हणून झाकण का उघडतं, घरी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं, हे आम्ही इथे सांगत आहोत.

आधी ड्रायर कुठला ते ओळखा

आपल्याकडे 'ड्रायर' हा शब्द तीन वस्तूंना वापरला जातो. पहिली, सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा कपडे पिळणारा छोटा टब. बहुतेक घरांत हाच असतो. दुसरी, गरम हवेवर कपडे वाळवणारा वेगळा ड्रायर. तिसरी, समोरून दार असलेलं मशीन, ज्यात धुणं आणि वाळवणं दोन्ही होतं. तिघांच्या दारांची रचना वेगळी, म्हणून दुखणंही वेगळं.

कुठलंही मशीन असो, हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. हात ओले नकोत, पायाखालची लादीही कोरडी हवी.

पिळणाऱ्या टबचं झाकण

हा टब मिनिटाला साधारण 1300 फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला वीसहून जास्त. झाकण बंद केलं की आतला स्विच दाबला जातो आणि मोटरला वीज मिळते. त्याचबरोबर एक तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. झाकण उचललं की वीज तुटते, तार ढिली पडते आणि ब्रेक लागतो. म्हणजे हे झाकण टबचा पहारेकरी आहे. ते अर्धवट बसलं तर ब्रेक अर्धवट घासत राहतो. मग मोटर गुणगुणते, टब फिरत नाही, कधी जळका वासही येतो. असा वास आला की मशीन लगेच बंद करा.

झाकण बसत नसेल तर या क्रमाने पाहा :

1. कपडे टबच्या काठाच्या वर आलेत का? दुपट्ट्याचं टोक किंवा बुरख्याची नाडी झाकणात अडकली आहे का? कपडे खाली दाबून त्यावर आतली प्लास्टिकची जाळी बसवा. ही जाळी हरवली असेल तर नवी आणा. ती नसल्याने कपडे उसळून झाकणाला धडकतात.

2. वजन एका बाजूला गेलंय का? एकटी जाड चादर किंवा जानमाज टाकली की टब हेलकावे घेतो आणि झाकण उडतं. कपडे गोलाकार, सारखे पसरा. जाड जानमाज या टबमध्ये न टाकलेलीच बरी.

3. मशीन डुगडुगतंय का? आपल्या बाथरूमच्या आणि बाल्कनीच्या लाद्यांना पाणी जाण्यासाठी उतार असतो. चारही पाय टेकलेत ना, ते पाहा. ज्या पायाला फिरवायची सोय आहे तो फिरवून मशीन सपाट करा.

4. बिजागरी तुटली आहे का? बाल्कनीतल्या उन्हाने प्लास्टिक कडक होऊन तडकतं. झाकण एका बाजूने वर राहत असेल तर दुखणं बहुधा इथेच आहे. मॉडेल नंबर दाखवला तर स्पेअर पार्टच्या दुकानात बिजागरी किंवा पूर्ण झाकण मिळू शकतं. तडा फेविक्विकने जोडला तर तो हादऱ्याने पुन्हा सुटतो.

गरम हवेचा ड्रायर

याचं दार चुंबकाने किंवा स्प्रिंगच्या खटक्याने धरलेलं असतं. इथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कपड्यांचा कापूस. तो खटक्याच्या खाचेत साठला की दारावरची जीभ आत शिरत नाही. जुन्या टूथब्रशने खाच साफ करा. दाराभोवतीची पट्टी ओल्या फडक्याने पुसा. ती एका जागी सुटून दुमडली असेल तर दार बाहेर ढकललं जातं. आतली जाळीही दर वेळी साफ करा. साठलेला कापूस गरम हवेत पेट घेऊ शकतो.

मग दार थोडं उघडून वर-खाली हलवून पाहा. ते हलत असेल तर बिजागरीचे स्क्रू कसा. दारावरची जीभ वाकली असेल किंवा खटका झिजला असेल तर तो भाग बदलावा लागतो.

दार नीट बसलं का, हे पाहायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी दारात ठेवून दार लावा आणि हळूच ओढा. ती अडखळत यायला हवी. सहज निसटली तर तिथून गरम हवा बाहेर जातेय. दोन हजार वॉटचा ड्रायर एक तास चालला की दोन युनिट वीज खातो. दार ढिलं असेल तर वाळायला वेळ जास्त लागतो आणि बिलही तसंच वाढतं.

समोरून उघडणारं मशीन

इथे कुलूप विजेवर चालतं. काम संपल्यावर ते सुटायला एक-दोन मिनिटं लागू शकतात, तेवढं थांबा; दार जोरात ओढलं तर हँडल तुटतं. दार लागतच नसेल तर रबरी कड्यात मोजा, रुमाल अडकलाय का, ते पाहा. 'टक' आवाज येऊनही मशीन सुरू होत नसेल तर कुलपाचा विजेचा भाग गेला असण्याची शक्यता आहे. ते काम मेकॅनिकचं.

दोन गोष्टी कधीच करू नका

पहिली : झाकणाचा स्विच दाबून, बांधून किंवा तारा जोडून कायमचा चालू ठेवू नका. असं केलं की झाकण उघडं असतानाही टब फिरत राहतो. आत हात घातलेल्या लेकराची बोटं कपड्याबरोबर पिळली जातात.

दुसरी : दाराला बाहेरून कडी किंवा पक्का खटका बसवू नका. पूर्वीच्या फ्रीजना असे बाहेरून लागणारे खटके असत आणि खेळता खेळता आत लपलेली मुलं गुदमरून दगावत. अखेर 1956 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की फ्रीजचं दार आतूनही उघडता आलं पाहिजे. गरम हवेच्या ड्रायरचं दारही बहुधा आतून ढकललं की उघडेल इतपतच घट्ट असतं. तो दोष नाही, सोय आहे.

मुलं आणि मशीन यांच्यात अंतर का हवं, हे फेब्रुवारी 2017 मध्ये दिल्लीच्या रोहिणीत दिसलं. तीन वर्षांची जुळी भावंडं वरून उघडणाऱ्या, पाणी भरलेल्या वॉशिंग मशीनमध्ये पडून गेली. लहान घरात मशीन मुलांच्या वाटेतच असतं. म्हणून काम झालं की पाणी काढा, झाकण लावा, प्लग काढून ठेवा. मशीनशेजारी स्टूल किंवा पालथी बादली ठेवू नका.

मेकॅनिक बोलावताना

वॉरंटी चालू असेल तर मशीन बाहेरच्या माणसाकडून उघडून घेऊ नका, आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा. बिल आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करता येतो. वॉरंटी संपली असेल तर मेकॅनिकला नेमकं सांगा : झाकण बसत नाही, की बसूनही मशीन सुरू होत नाही? या दोन वेगळ्या दुरुस्त्या आहेत. काढलेला जुना भाग दाखवायला सांगा. 'स्विच डायरेक्ट करून देतो, खर्च वाचेल' असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या.

साध्या बिजागरीसाठी अख्खं मशीन भंगारात काढणं हा इसराफ झाला. पण दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर बंदच ठेवा. कपडे हाताने पिळा, हँगरला लावून पंख्याखाली टाका. नमाजची वेळ झाली आणि कुर्ता थोडा ओलसर राहिला म्हणून अडून बसायचं कारण नाही. नीट धुतलेला पाक कपडा ओला असला तरी पाकच असतो. दुरुस्तीनंतर मेकॅनिकसमोरच एक चाचणी घ्या : रिकामा टब फिरवा, झाकण उचला. टब लगेच थांबायला लागला पाहिजे. थांबत नसेल तर दुरुस्ती पूर्ण झालेली नाही, पैसे द्यायची घाई करू नका.